ठाण्याची गाडी

अमळनेरला आमच्या गल्लीत जिभाऊ होते. घरातल्या नाहीतर गल्लीतल्या थोरल्याला जिभाऊ म्हणायची खानदेशात रीत आहे. त्यांचं खरं नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं, आज माहीत आहे पण इथे लिहीत नाही. ते प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. १९७२ च्या दुष्काळात, दिवाळीनंतर केव्हातरी, पाळी संपवून घरी आले की कानांवर हात दाबून ओट्यावर बसायला लागले. साचे थांबतच नाहीत, म्हणायचे. पुढे त्या खडखडाटात त्यांना नावं ऐकू यायला लागली आणि मग हुकूम. एका रात्री घरातलं सूत, दोऱ्या, जुनी लुगडी, सगळं त्यांनी आडात नेऊन टाकलं. सकाळी त्यांची माय आडाच्या काठावर नुसती बसून होती.

१९७३ च्या उन्हाळ्यात त्यांना नेलं. मी नऊ वर्षांची होते आणि वडिलांचा हात धरून स्टेशनवर गेले होते. जिभाऊंची दाढी केलेली, डोक्यावर धुतलेली टोपी, हाताशी फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. सोबत धाकटा भाऊ आणि एक हवालदार. अमळनेरहून जळगाव आणि तिथून रात्रीच्या गाडीने ठाणं. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून मला विचारलं, ‘शाळाले सुट्टी लागनी का?’ मी मान हलवली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

गल्लीत दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य फिरत होतं: जिभाऊले ठाणाले लई गयात. कशासाठी, हे कुणी विचारत नव्हतं. पुण्याकडे येरवडा, कोकणात रत्नागिरी, आमच्याकडे ठाणं. या गावांची नावंच आजाराची नावं होऊन बसली होती. वर्गात कुणी जरा विचित्र वागलं की मुलं त्याला ‘याला ठाण्याच्या गाडीत बसवा’ म्हणायची. मीही म्हटलं असेन. त्या वयात म्हटलं जातं, आणि म्हणून ते आज जास्त टोचतं.

जळगाव-धुळ्याकडच्या मनोरुग्णसेवेची वाटचाल लिहायची म्हटलं की पहिली अडचण येते ती अशी, की इथे मनोरुग्णालय कधी नव्हतंच. खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता, धुळे त्याचं मुख्य ठाणं. १९०० साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत रेल्वे आली. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. कापसाच्या गिरण्या आल्या, तुरुंग होता, सिव्हिल होतं, शाळा-कॉलेजं निघाली. मन बिघडलेल्या माणसासाठी मात्र इथे खोली नव्हती, आगगाडी होती. म्हणून ही वाटचाल शब्दशः वाटेचीच आहे. जळगावहून ठाणं रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, धुळ्याहून आग्रा रोडने तीनशेच्या आसपास. एवढ्या अंतराचा आजाराशी काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तर आता वाटतं, कुणाचं काय होणार हे निदानापेक्षा या अंतरानेच जास्त ठरवलं.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. मुंबई इलाख्यात त्याआधीपासून कुलाब्याला असं इस्पितळ होतं, पुढे पुणं झालं, १८८६ साली रत्नागिरी. नागपूरचं १८६४ सालचं, पण तो मध्य प्रांताचा कारभार. कुलाबा भरून वाहू लागलं तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यात नवं इस्पितळ उभं राहिलं आणि १९०१ साली सुरू झालं. शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या दानातून ते उभं राहिलं म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. जुनी माणसं आजही एन. एम. मेंटल हॉस्पिटल म्हणतात. सत्तरेक एकरांचं आवार, पुढे वाढत वाढत १८५० खाटा. येरवड्याच्या २५४०, नागपूरच्या ९४० आणि रत्नागिरीच्या ३६५ धरल्या तर अख्ख्या महाराष्ट्राच्या वाट्याला ५६९५. खानदेशातला माणूस बहुतेक वेळा ठाण्याच्या त्या १८५० मध्ये जायचा.

जायचा कसा, तेही सांगायला हवं. वेड्यांबद्दलचा १९१२ चा कायदा १९९३ पर्यंत लागू होता, म्हणजे जिभाऊ त्याच कायद्याने गेले. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. मॅजिस्ट्रेटची खात्री पटली की तो रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दाखल करून घ्यायचा हुकूम, काढायचा. रस्त्यावर भटकणारा कुणी दिसला तर पोलीसच त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचे. निर्णय होईपर्यंत त्याला दहा-दहा दिवस, सगळे मिळून तीस दिवसांपर्यंत, देखरेखीखाली ठेवता यायचं. इलाख्याच्या कडेच्या गावात ती देखरेख म्हणजे पुष्कळदा कोठडीच. ज्याने काहीही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली शीला बारसे यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. तोवर त्या सगळ्या रस्त्यावर पोलीस, कोर्ट, बेडी, शिक्का आणि सरकारी पास एवढंच होतं. आजारी माणूस घरून निघतानाच आरोपी होऊन निघत असे. मायच्या हातची भाकरी सोबत असली तरी.

जिभाऊंच्या मायने आधी ठाण्याचा विचार केला नव्हता. तिने त्यांना सैलानीला नेलं होतं. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि आमच्या भागातून एस. टी. भरून माणसं जातात. ज्यांना ‘बाहेरचं लागलंय’ त्यांना तिथे आणायचं, महिनोन्‌महिने ठेवायचं, ही फार जुनी वहिवाट. हिंदू-मुसलमान दोघंही जातात. साखळ्या मीही पाहिल्या आहेत. पण त्या मायकडे बोट दाखवायला माझा हात उठत नाही. भुसावळ, मलकापूर, बुलढाणा ही वाट तिच्या ओळखीची होती. तिथे तिची भाषा कुणीतरी बोलत होतं, आणि मुख्य म्हणजे मुलाजवळ तिला राहता येत होतं. ठाण्याच्या इस्पितळात रुग्णाला सोडून यावं लागे, दर्ग्यावर त्याच्या शेजारी चूल मांडता येई. दवाखाना दूर आणि दर्गा जवळ असेल तर माणसं जवळच जाणार. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झोपडीला आग लागून साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा देशभर हळहळ झाली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सैलानीच्या पालांत भाकऱ्या थापणाऱ्या बायका आल्या. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो हवाच होता. पण त्या बाईला परतीच्या भाड्यासकट जवळचा दवाखाना देणं हे त्याहून पुढचं आणि जास्त चिकाटीचं काम आहे.

ठाण्यात काय व्हायचं याबद्दल गल्लीत भलभलत्या गोष्टी चालत. शॉक देतात, उपाशी ठेवतात, आत गेलेला बाहेर येत नाही. खरं म्हणजे ज्या काळात जिभाऊ गेले तो काळ उपचारांच्या दृष्टीने बरा होता. त्याआधीच्या पिढ्यांकडे हाताशी फारसं काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात हिवतापाचे जंतू टोचून मेंदूचा उपदंश उतरवायचे, आणि त्यासाठी वाग्नर-यौरेगला १९२७ चं नोबेल मिळालं. १९३० च्या दशकात इन्शुलिनची बेशुद्धी आली, मग १९३८ साली विजेचे झटके. आपल्याकडे गणनाथ सेन आणि कार्तिक बोस यांनी १९३१ सालीच सर्पगंधेबद्दल लिहून ठेवलं होतं, की ही मुळी वेड शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातून रेसर्पिन निघालं आणि काही वर्षं मनोरुग्णालयांत ते वापरलं गेलं. मग १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण कळला. आपल्याकडे ते लार्गॅक्टिल नावाने आलं. कानातले आवाज पहिल्यांदाच कमी व्हायला लागले. पूर्ण गेले नाहीत तरी माणूस त्यांच्यापासून थोडा बाजूला उभा राहू शकला.

जिभाऊंचे साचेही थांबले. हे मला फार उशिरा कळलं.

वडील वारले त्यानंतर त्यांच्या कागदांत एक पोस्टकार्ड सापडलं. छापील मजकूर, मधल्या रेघांवर शाईने भरलेलं नाव. रुग्णाची प्रकृती सुधारलेली आहे, घरच्यांनी येऊन घेऊन जावं, एवढाच अर्थ. शिक्का १९७६ चा. पत्ता जिभाऊंच्या घराचा, पण तोवर माय गेली होती. भाऊ घर विकून उधन्याला, सुरतेकडे, मागावर कामाला गेला होता. आमच्या भागातली निम्मी माणसं त्याच वाटेने गेली. पोस्टमनने कार्ड शेजारी म्हणून आमच्याकडे टाकलं. वडिलांनी ते जपून ठेवलं, भावाचा पत्ता शोधायचा प्रयत्नही केला असेल, मला माहीत नाही. ठाण्याला मात्र ते गेले नाहीत. जाणं अवघड नव्हतं. रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी पोचायचं, संध्याकाळी परत निघायचं. दोन दिवसांची रजा, तीन माणसांचं भाडं, आणि आणल्यावर ठेवायचं कुठे हा प्रश्न. त्या प्रश्नाशी येऊन आमचं घर थांबलं. मी वडिलांवर प्रेम केलं आहे आणि हे त्यांच्याबद्दल लिहिताना मला त्रास होतो, पण हे गाळलं तर बाकीचं लिहिण्याचा हक्क मला राहणार नाही.

जिभाऊ पुढे पंधरा वर्षं तिथेच राहिले. शिवणाच्या खोलीत काम करायचे, असं नंतर एका निवृत्त परिचारकाने सांगितलं. त्यांचं दुखणंखुपणं तिथल्याच माणसांनी पाहिलं, शेवटही त्यांनीच केला.

असे किती? मुंबई उच्च न्यायालयापुढे काही वर्षांपूर्वी एक जनहित याचिका आली. नवऱ्याने ठाण्यात आणून सोडलेल्या आणि बऱ्या होऊनही बारा वर्षं तिथेच राहिलेल्या एका बाईपासून ती सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी ती केली होती. त्यात आकडे पुढे आले: राज्याच्या चार मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून जास्त काळ राहिलेले ४७५ जण, आणि त्यांतले २६३ घरी जाण्याजोगे. ‘घरी जाण्याजोगे’ हा शब्द मी कितीदा तरी वाचला. त्यात माणूस तयार असतो, घर तयार नसतं.

घर सापडतच नाही, असंही असतं. ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, आणि माझ्या पुढच्या वर्षांना थोडं काम मिळालं ते इथून. एका संस्थेचे समाजसेवक रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना बरं झाल्यावर घरी पोचवतात. हे काम डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून श्रद्धा फाउंडेशनतर्फे, पुढे कर्जतहून, मोठ्या प्रमाणावर उभं केलं, त्यासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे मिळाला, आणि त्यांच्या पाठोपाठ इतरही लहान संस्था हे करायला लागल्या. त्या समाजसेवकांतल्या एका मुलाने मला विचारलं, ‘मॅडम, एक माणूस जयगाव जयगाव म्हणतो. मध्य प्रदेशात शोधलं, ओडिशात शोधलं. कुठे असेल?’

मी मराठीची शिक्षिका, जन्म अमळनेरचा. मला हसू आलं नाही, रडू आलं. अहिराणीत ळ चा य होतो. जळगाव म्हणजे जयगाव, धुळे म्हणजे धुये, चाळीसगाव म्हणजे चायीसगाव. तो माणूस आपलं गाव अगदी स्पष्ट सांगत होता. ऐकणाऱ्यांनी ते जसंच्या तसं रजिस्टरात लिहिलं आणि नकाशावर ते नव्हतं. त्याने ‘माले घर जानं शे’ म्हटलं असेल तर लिहिणाऱ्याने भाषेच्या रकान्यात काय लिहिलं असेल? गुजराती? राजस्थानी? की असंबद्ध बडबड? डॉक्टरी कागदावर शेवटचा शेरा पडला तर तो आजाराचं लक्षण ठरतो. आपल्या बोलीतून बोलणं हे लक्षण ठरलं, असं किती जणांच्या बाबतीत झालं असेल, हा विचार मनातून जात नाही. रावेर-यावलकडची लेवा बोली निराळी, सातपुड्यातली पावरी आणि भिली आणखी निराळी. सातपुड्यातल्या माणसाला तर ठाण्यात बोलायला कुणी मिळणंच कठीण.

तेव्हा मी वही केली. डाव्या रकान्यात माणूस काय म्हणेल ते, उजव्यात आजचा पत्ता. एदलाबाद म्हटलं तर मुक्ताईनगर. पूर्व खानदेश म्हटलं तर जळगाव जिल्हा, तेही १९६० नंतर. जिल्हा धुळे, तालुका शहादा म्हटलं तर तो आता नंदुरबार जिल्हा, कारण १ जुलै १९९८ ला तो वेगळा झाला. तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव यांचंही तेच. तापीवर हतनूरचं धरण झालं तेव्हा काठची गावठाणं हलली, नवी वसली, जुन्या नावाची घरं पाण्याखाली गेली. नर्मदेकाठी मणिबेली म्हणणारा कुणी भेटला तर त्याला काय सांगायचं? सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, त्यातलं ते पहिल्या काही गावांपैकी. त्याच्या पत्त्यावर पाणी आहे. पुनर्वसनाच्या वसाहतींची नावं मी वेगळ्या पानावर लिहून ठेवली.

वही करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. बायका माहेरचं गाव सांगतात. आजारात सगळं पुसट झालं तरी लहानपणचं गाव, नदी, शेजारचं स्टेशन टिकून राहतं. दाखल करताना कागदावर मात्र सासरचा पत्ता असतो, नवऱ्याचं आडनाव असतं. नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं, किंवा घरच बदललेलं असतं. म्हणजे कागदाप्रमाणे गेलं तर दार बंद, आणि तिच्या तोंडच्या पत्त्यावर जाण्याचा अधिकार कुणाला नाही. म्हणून वहीत मी एक नियम घालून घेतला: बाईला आधी विचारायचं, तुझ्या आईचं गाव कोणतं. दोंडाईचा, नरडाणा, निंभोरा, भादली ही स्टेशनांची नावं अशी एकदम बाहेर येतात. गाव विसरलेली बाई स्टेशन विसरत नाही.

ठाण्याचं ते आवार मी पहिल्यांदा आत जाऊन पाहिलं ते अगदी अलीकडे. रिकाम्या केलेल्या बराकी पाहायच्या आहेत असं सांगून रीतसर परवानगी काढली होती. रुग्णालय चालू आहे, नव्या इमारती उठताहेत. पण जुन्या बैठ्या इमारतींपैकी काहींत आता कुणी नाही. मुंबईकडे जाताना ठाणे स्टेशन सुटलं आणि मुलुंड यायच्या आधी उजव्या हाताला झाडी दिसते, तो हाच भाग. तिथे मधलं नवं स्टेशन व्हायचं आहे. त्यासाठी रुग्णालयाची चौदा एकरांहून जास्त जमीन मागितली गेली, २०१५ मध्ये प्रकरण न्यायालयात अडलं आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली.

बराकीत शिरल्यावर डोळे आधी खिडक्यांच्या गजांकडे जातात, कारण तेच पाहायला आपण आलेलो असतो. मला दुसरंच काहीतरी जास्त दिसत राहिलं. भिंतीचा गिलावा खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता, एका लांब पट्ट्यात, दारापासून कोपऱ्यापर्यंत. वर खडबडीत, खाली खडबडीत, मध्ये तेवढा पट्टा हात फिरवावा इतका मऊ. माणसं टेकून उभी राहतात तिथे भिंत अशी होते. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या पाराचा दगड असाच आहे. बाहेर कडुनिंबाचा पाचोळा दारातून आत आला होता. कौलं फुटून उन्हाचे तुकडे जमिनीवर पडले होते. एका दारावर रंगाने आकडा घातलेला होता आणि त्यावर दुसऱ्या रंगाने दुसरा आकडा. सोबतच्या अधीक्षकबाई म्हणाल्या, ‘या बराकीत साठसाठ जणी होत्या.’ रेल्वेचा आवाज इतका जवळून येत होता की प्रत्येक गाडीला आमचं बोलणं थांबत होतं. चाळीसगाव, जळगाव, भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या याच रुळांवरून जातात. अठराएक वर्षं जिभाऊ हा आवाज ऐकत होते.

इमारत पाडू नका, असं मला तिथे क्षणभर वाटलं. बाहेर आल्यावर तसं वाटलं नाही. गिलाव्याचा तो पट्टा कुणीतरी जपावा, एखादी खोली राखावी, नोंदवह्या तर जपायलाच हव्यात, कारण त्यांच्यात अख्ख्या खानदेशाचे पत्ते आहेत. बाकीची भिंत गेली तर जाऊ दे. इटलीत त्रिएस्त शहरात फ्रांको बासाल्या नावाचे डॉक्टर १९७१ साली मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून निळ्या रंगाचा एक प्रचंड घोडा बनवला, मार्को काव्हाल्लो. तो फाटकातून मावेना, तेव्हा फाटक तोडून त्याला रस्त्यावर काढलं आणि मागून रुग्ण चालत निघाले. १९७८ साली इटलीने मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदाच केला. त्या आवारात आता गुलाबांची मोठी बाग आहे. पण बासाल्यांनी फाटक तोडण्यापुरतं काम केलं नव्हतं. शहराच्या भागाभागात चोवीस तास उघडी राहणारी केंद्रंही उभी केली. ज्या देशांनी ते न करता दारं उघडली, तिथली माणसं रस्त्यावर आणि तुरुंगांत गेली. म्हणून ठाण्याची एक बराक रिकामी झाली, की माझा प्रश्न खानदेशाकडे वळतो.

इथे बदल झाला आहे, आणि तो मोठा आहे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकात बळ्ळारीला जिल्हा पातळीवर उपचार करून पाहिले गेले, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे राज्यभर पसरला. १९८९ साली धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं, आणि त्याबरोबर मानसोपचाराचा विभाग. आता ते रुग्णालय चक्करबर्डीला आहे. जळगावचं सिव्हिल २०१८ पासून वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ साली अंमलात आला. त्याने साखळी बांधायला बंदी केली, भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी केली. भटक्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत न ठेवता चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, असं सांगितलं. समाजात राहण्याचा हक्क दिला. १०  ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही फोनवरची मदतसेवा आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. आमच्या लहानपणी यातलं एकही नव्हतं.

आता जालन्याला ३६५ खाटांचं नवं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालं आहे. अजिंठ्याचा घाट चढून जावं लागलं तरी ठाण्यापेक्षा ते जवळ. त्याचं स्वागत करताना माझ्या मनात धास्तीही आहे. आपल्याकडे खाटा मोजायची सवय आहे, घरी जाणारी माणसं मोजायची नाही. मला चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या गोळ्यांच्या कपाटाची जास्त काळजी वाटते. रिस्पेरिडोन महिनाभर पुरेल एवढं आहे का, महिन्याचं इंजेक्शन ठरलेल्या तारखेला मिळतं का, की ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून वर्डीच्या बाईला दिवसाची मजुरी सोडून परत जावं लागतं. दोन फेऱ्या फुकट गेल्या की तिसरी होत नाही. गोळ्या थांबतात, आवाज परत येतात, आणि मग पुन्हा कुणाला तरी स्टेशनवर नेलं जातं.

गेल्या पावसाळ्यात त्या मुलाचा पुन्हा फोन आला. एक माणूस आहे, साठीच्या पुढचा, सहा वर्षांपूर्वी कल्याणच्या फलाटावर सापडला. बरा आहे, कामं करतो, बोलत नाही. क्वचित एकच शब्द बोलतो, त्यांनी रजिस्टरात ‘पारोया’ लिहिलं होतं आणि गुजरातेत शोधून झालं होतं. फोन त्याच्या कानाला लावायला सांगितला. मी म्हटलं, ‘भाऊ, तुनं गाव पारोया का? बोरीकडनं?’

पलीकडे बराच वेळ श्वासच ऐकू येत होता. मग आवाज आला, घशात अडकलेला, पण स्वच्छ. ‘गाडी कवय शे?’

पारोळ्याला रेल्वे नाही. मी त्याला सांगितलं, ‘अमयनेरले उतरनं पडी. तठून येष्टी.’